लांबच्या वाटेने नायक आतून कसा बदलतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अद्भुतकथा लिहिणारे आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी अंबाजोगाईत जमतो. कुणी परळीहून येतं, कुणी रेणापूरहून, कुणी औशाहून. बहुतेकांच्या वहीत एक राज्य असतं, एक हरवलेली वस्तू असते आणि ती आणायला निघालेला एखादा पोरगा किंवा पोरगी असते. प्रसंग भरपूर सुचतात. अडतं ते एकाच ठिकाणी : निघालेला माणूस आणि परतलेला माणूस एकच वाटतो. त्याबद्दल व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे, तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ताई, नायक "आतून बदलतो" म्हणजे नेमकं काय होतं?

माझ्या लेखी एवढंच : आधी जे त्याला सहज जमत होतं ते आता जमत नाही, आणि आधी जे जमत नव्हतं ते आता विचार न करता हातून होतं. "तो आता पूर्वीचा राहिला नव्हता" हे वाक्य बहुतेक वह्यांत शेवटच्या प्रकरणात येतं. वाचकाला ते पटत नाही, कारण त्याने काही पाहिलेलंच नसतं.

तपासायचं कसं, तर सुरुवातीला एक साधा प्रसंग ठेवा आणि शेवटाकडे तोच पुन्हा आणा. समजा, पहिल्या मुक्कामाला तुमचा नायक पाण्याची पिशवी गोधडीखाली लपवतो. पुढे कित्येक कोस चालून झाल्यावर पुन्हा तसाच कोरडा मुक्काम येतो, अनोळखी माणूस शेजारी येऊन बसतो आणि नायक बोलता बोलता पिशवी त्याच्याकडे सरकवतो. त्याचं त्यालाही लक्ष नसतं. आपल्याकडच्या वाचकाला याहून जास्त सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. घागर कोण पुढे करतं आणि कोण झाकून ठेवतं, यावरून माणूस ओळखायला आपण तेव्हाच शिकलो.

२. त्यासाठी प्रवास लांबच का लागतो? एका रात्रीत बदलला तर?

एका रात्रीत माणूस हादरतो. बदलायला त्याला तीच निवड वीस वेळा करावी लागते, आणि वीस वेळा करायला वाट लांब लागते. म्हणून कादंबरीतली वाट कोसांनी मोजू नका, मुक्कामांनी मोजा.

पंढरीला पायी गेलेल्या कुणालाही विचारा. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालेला माणूस पहिले दोन-तीन दिवस घरी काय राहिलं तेच आठवत चालतो : मोटर बंद केली का, म्हशीला कुणी पाणी दाखवलं का. मग पायाचे फोड एवढंच जग उरतं. आणि पुढे कधीतरी, कुठल्या गावाजवळ ते त्यालाही सांगता येत नाही, फोड विसरून तो शेजारच्या म्हातारीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो. तो क्षण पकडायचा असेल तर आधीचे कंटाळवाणे मुक्काम थोडक्यात का होईना, पण लिहावे लागतात. ते गाळले की म्हातारीची पिशवी खोटी वाटते.

यातूनच लिहिण्याची एक गोष्ट निघते. सातवी लढाई सहावीपेक्षा मोठी करू नका. तेवढीच ठेवा आणि नायकाला तिच्यात वेगळं वागू द्या.

३. मनातलं दाखवायचं कसं? विचार लिहायला गेलं की पानंच्या पानं भरतात आणि वाचणारे कंटाळतात.

हात, झोप, जेवण आणि बोलणं यांतून दाखवा.

दौलताबादच्या किल्ल्यात "अंधारी" म्हणतात तो कातळात खोदलेला वळणावळणाचा मार्ग तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. आत शिरलं की धीट माणूसही आपोआप एक हात भिंतीला लावतो. नायकाला तशा अंधारात घाला. त्याच्या मनात काय आलं ते लिहू नका, दुसरा हात कुठे गेला ते लिहा. जाताना तो तलवारीच्या मुठीवर होता. येताना मागून येणाऱ्या पोराच्या मनगटावर.

झोपेचंही तसंच. घरी उशाशिवाय न झोपणारा माणूस वाटेत बसल्या बसल्या झोपायला शिकतो आणि परत आल्यावर मऊ अंथरुणात रात्रभर जागा राहतो. शेवटी उठून उंबऱ्याजवळ जाऊन पडतो, कारण दाराकडे तोंड केल्याशिवाय आता डोळा लागत नाही. त्याला काय काय भोगावं लागलं हे सांगायला मग वेगळा परिच्छेद लागत नाही.

४. आपण बदललो हे नायकाला कळायला हवं का?

बहुतेक वेळा उशिरा, आणि दुसऱ्याच्या तोंडून. आई म्हणते, "तू आता बापासारखा खोकतोस." तेवढं पुरे. नायकाने स्वतःच्या बदलावर भाषण केलं की मी ते पान खोडायला सांगते.

५. माझ्या नायकाला मध्येच दिव्य शक्ती मिळते. हा बदलच झाला ना?

तो बाहेरचा बदल. आतला बदल दिसेल तो, हाताशी असूनही ती शक्ती तो पहिल्यांदा वापरायचं टाळतो, तिथे.

६. सगळी उदाहरणं परदेशी असतात. आपल्याकडचं एखादं द्या ना.

आपल्याच जिल्ह्यांतलं देते. नामदेवांची कथा परंपरेने सांगतात ती अशी : तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईने विचारलं, काका, मडकी भाजली की नाही हे तुम्ही कशाने ओळखता? गोरोबांनी थापटणं उचललं आणि बसलेल्या एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, आणि "हे मडकं कच्चं" असा निकाल पडला. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, त्याला चारचौघांत कच्चं ठरवलं गेलं. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेही त्यांना विसोबा खेचरांकडे जायला सांगितलं. औंढ्याला पोचून पाहतात तर गुरू म्हणून ज्याच्याकडे आलो तो म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. पाय काढा म्हटल्यावर तो म्हणाला, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. जिथे पाय ठेवावे तिथे पिंड.

नामदेव हे संत, अद्भुतकथेतला नायक नव्हेत, आणि ही श्रद्धेची गोष्ट आहे हे विसरून चालणार नाही. पण लिहिणाऱ्याने तिच्यातून बरंच घ्यावं. हा प्रवास विजयाने सुरू होत नाही, चारचौघांतल्या अपमानाने होतो. राक्षस कुठेही नाही. अडथळा आहे तो "मी देवाचा लाडका" या समजुतीचा. आणि गुरू नायकाला नवं काही देत नाही, त्याच्या हातातली एकुलती एक खात्री काढून घेतो. पुढे हेच नामदेव पंढरपूर सोडून पार पंजाबापर्यंत गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एका मूर्तीपाशी घुटमळणारा माणूस एवढ्या दूर, वेगळ्या भाषेच्या लोकांत जाऊन राहू शकला. आतला बदल मोजायला मला याहून मोठी फूटपट्टी माहीत नाही.

तेर धाराशिव जिल्ह्यात, औंढा हिंगोलीत. एकदा गाडीने का होईना त्या वाटेने जाऊन या. अपमान घेऊन एवढं अंतर चालणारा माणूस वाटेत काय काय बोलला असेल, हे सुचायला लागतं.

७. नायकाचं रूपच बदललं (शाप, जादू वगैरे) तर आतला बदल दाखवायला ते चालेल का?

चालेल, पण रूप आणि मन यांची गाठ बांधावी लागते. ती कशी बांधावी हे महाभारताच्या वनपर्वातल्या नळाकडून शिकावं. बाईसाहेबांनी शाळेत शिकवलेलं नलदमयंती आख्यान मी चाळिशीत पुन्हा वाचलं आणि थक्क झाले.

नळाच्या अंगात कली शिरतो. तो भाऊ पुष्कराबरोबर द्यूत खेळतो, राज्य हरतो आणि झोपलेल्या दमयंतीला रानात टाकून जातो. पुढे वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला तो वाचवतो. नाग म्हणतो, पावलं मोजत चाल. दहावं पाऊल मोजताना "दश" म्हटलं आणि नाग डसला. संस्कृतात "दश" म्हणजे दहा आणि "डस" सुद्धा. नळ कुरूप, आखूड हातांचा बाहुक होतो. पण ते विष नळाला जाळत नाही, आत बसलेल्या कलीला जाळतं. वरून शिक्षा दिसणारी गोष्ट आत औषधाचं काम करते आहे. ही ती गाठ.

बाहुक अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ पळवताना राजा एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं बसल्या जागी मोजून सांगतो. बाहुक रथ थांबवून खरंच मोजून बघतो. आकडा बरोबर निघतो. मग दोघं विद्येची अदलाबदल करतात. बाहुक घोड्यांचं मर्म देतो आणि फाशांचं मर्म घेतो. ज्या खेळाने तो बुडाला होता त्याचीच विद्या हातात येताच कली विष ओकत बाहेर पडतो. नळ त्याला शाप द्यायला निघतो, कली हात जोडतो, आणि नळ राग आवरतो. कली त्या बेहड्यात शिरतो.

आता प्रश्न १ मधली कसोटी लावून बघा. शेवटी नळ पुन्हा पुष्करासमोर बसतो. तोच खेळ, तेच दोघे. या वेळी नळ जिंकतो, आणि जिंकल्यावर पुष्कराला त्याचा वाटा देऊन प्रेमाने परत पाठवतो. पहिल्या डावातला नळ थांबू शकत नव्हता. दुसऱ्या डावातल्या नळाला कुठे थांबायचं ते कळतं. रूप परत मिळालं ही त्यातली छोटी गोष्ट आहे.

८. नायक मराठवाडी बोलला तर चालेल? राजपुत्र "काय करायलास?" म्हणाला तर लोक हसतील का?

हसू देत. दोन पानांनंतर थांबतील. बोली तुमच्याकडचं फार मोठं साधन आहे, कारण बोलीतून बदल ऐकू येतो. गावातून निघताना "काय करायलास?" म्हणणारा पोरगा राजधानीत वर्षभर राहून "काय करतो आहेस?" म्हणायला लागला, तर तो कुणाची तरी नक्कल करतो आहे. आणि अगदी शेवटी, मरणाच्या दारातल्या मित्राशी बोलताना त्याच्या तोंडून पुन्हा "काय करायलास रे" निघालं, तर वाचकाला जे व्हायचं ते होईल. मात्र हे ठरवून, मोजक्या ठिकाणी करा. दर वाक्यात बोली बदलली की कान बधिर होतो.

९. नायिका असेल तर काही वेगळं करावं लागतं का?

निघणं वेगळं असतं. पोरगा निघतो तेव्हा गाव वेशीपर्यंत येतं. पोरगी निघते तेव्हा बहुतेक वेळा पहाटे, कुणाला न सांगता. म्हणजे तिची पहिली लढाई घरातच होऊन गेलेली असते आणि ती लिहायला हवी. परतल्यावर तिला तलवार ठेवून लगेच चुलीपाशी बसवणाऱ्या कथा मला फार आल्या. ती बसेलही, पण कशी बसते, कुणाला काय आणायला सांगते, कुणाच्या आधी जेवते, ते लिहा. बाकी सगळं नायकासारखंच.

१०. परत आल्यावर किती लिहायचं? वस्तू मिळाली की गोष्ट संपली ना?

वस्तू मिळाली की मोहीम संपते. गोष्ट घरी संपते. निदान एक पूर्ण प्रकरण परतण्याला द्या, कारण बदल मोजायला घराइतकी पक्की जागा दुसरी नाही. घर तिथेच असतं, म्हणूनच आपण किती सरकलो ते कळतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. दसरा-दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. लहानपणी आमच्या शेजारचं घर दरवर्षी असं सहा महिने बंद असायचं. धाकटी मुलगी आजीजवळ राहायची. पहिल्या वर्षी आई परतली ती धावतच आली आणि तिने पोरीला ओढून छातीशी धरलं. पोर घाबरून किंचाळली, आजीच्या लुगड्यात शिरली. तिसऱ्या वर्षी तीच आई आली, पोरीकडे न बघता ओट्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली. पोर खांबाआडून बघत होती. बऱ्याच वेळाने हळूहळू आली आणि आईच्या हातावरचे घट्टे बोटाने चाचपू लागली.

त्या बाईला राक्षस भेटला नव्हता, मुकादम भेटला होता. उचल फेडायची होती, कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, थंडी काढायची होती. पण परतलेल्या माणसाला आपल्याच दारात पाहुण्यासारखं थांबावं लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं. तुमचा नायक सिंहासनावर बसण्याआधी त्याला असा एक ओटा द्या.

११. "लॉर्ड ऑफ द रिंग्ज"मधला फ्रोडो शेवटी अंगठी टाकतच नाही. मग तो नायक कसा?

हा प्रश्न सिनेमे पाहून दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. खरं आहे, घातक अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचल्यावर ती आपलीच म्हणून बोटात घालतो. त्याच अंगठीच्या मागे लागलेला गॉलम ते बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट खाली पडतो, म्हणून काम होतं. पण थोडं मागे जा. कथेच्या सुरुवातीला फ्रोडोला वाटतं की या गॉलमला आधीच मारून टाकायला हवं होतं. पुढे गॉलम प्रत्यक्ष हाती सापडतो तेव्हा त्याला त्याची दया येते आणि तो त्याला जिवंत सोडतो. पुन्हा तीच कसोटी : तोच माणूस, दोनदा समोर, दोन वेगळी उत्तरं. शेवटी जग वाचतं ते त्या दयेमुळे. इच्छाशक्ती तर डोंगरावर संपून गेली होती.

सिनेमात नसलेला एक भाग पुस्तकात आहे. फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती घरी येतात तर गावच गुंडांच्या ताब्यात गेलेलं असतं. बाकीचे लढतात, फ्रोडो तलवार उपसत नाही, उलट शरण आलेल्यांना कुणी मारू नये म्हणून धडपडतो. सुऱ्याची जुनी जखम दरवर्षी त्याच तारखेला दुखते आणि शेवटी तो जहाजाने ती भूमीच सोडून जातो. लेखक टॉल्किन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत सैनिक होता. काही जखमा घरी येऊनही भरत नाहीत, हे त्याला ठाऊक असणार असं मला वाचताना वाटतं. बदल म्हणजे सुधारणाच असं धरून चालणाऱ्यांनी हा शेवट सावकाश वाचावा.

१२. नायक बदलून वाईट झाला तर?

होऊ द्या, फक्त एका उडीत नको. प्रत्येक पायरी त्या वेळी रास्त वाटली पाहिजे. मुक्कामांचं गणित तेच, प्रश्न २ मधलं.

१३. अजिबात न बदलणारा नायक असू शकतो का?

असू शकतो आणि तो लिहायला जास्त अवघड. महाभारताच्या शेवटी, महाप्रस्थानात, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. तो तिथे बदलत नाही, आयुष्यभर जसा होता तसाच टिकतो, आणि भावंडं वाटेत पडल्यावरही टिकतो. अशा कथेत लांबची वाट नायकाला घडवत नाही, पारखते.

विक्रम-वेताळ बघा. "चांदोबा" वाचून वाढलेल्यांना वाटतं की राजा कधीच बदलत नाही : प्रेत खांद्यावर, प्रश्न, उत्तर, वेताळ पुन्हा झाडावर. पण सोमदेवाच्या कथासरित्सागरात शेवटचं कोडं आहे. एका बापलेकांना दुसरीकडच्या मायलेकी भेटतात. बाप त्यातल्या मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न करतो, मग त्यांच्या लेकरांचं नातं काय? इतका वेळ प्रत्येक कोड्याचं उत्तर देणारा राजा इथे गप्प राहतो. त्याला उत्तर माहीत नाही, आणि तो तसाच चालत राहतो. वेताळ खूश होऊन त्याला पुढचा धोका सांगतो. ती एक शांतता हाच त्या नायकाचा बदल आहे आणि तो दिसायला आधीची सगळी उत्तरं लागतात.

जाता जाता : कथासरित्सागर ज्या बृहत्कथेवरून आलं, तिचा कर्ता गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी होता असं परंपरा सांगते, म्हणजे आपल्या पैठणचा. अद्भुतकथा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

१४. आणि नायक परतलाच नाही तर? बदल कुणी मोजायचा?

जो परततो त्याने. सोबती येतो, नायकाचं घोंगडं घेऊन. इथे सोबत्याच्या तोंडी पराक्रमाचं वर्णन घालायचा मोह होतो, तो टाळा. आईला विचारू द्या की तो जेवत होता का, आणि सोबत्याला खरं सांगू द्या : "शेवटी शेवटी आधी आम्हाला वाढायचा." घरात असताना ताटावर पहिला बसणारा, भाकरी गरम नसली तर ताट सरकवणारा हा पोरगा वाचकाने पहिल्या प्रकरणात पाहिलेला असला पाहिजे. आई काही बोलणार नाही. घोंगडं धुवायला न टाकता घडी घालून उतरंडीवर ठेवेल, आणि सोबत्याचं पान वाढायला आत जाईल.